परराष्ट्र मंत्रालयाचा हात कुठवर पोहोचतो?

परराष्ट्र मंत्रालय म्हणजे शिखर परिषदा, हस्तांदोलनं आणि ‘सखोल चर्चा झाली’ असं सांगणारी पत्रकं. आपला त्याच्याशी काय संबंध, असं अनेकांना वाटतं. पण तुमच्या कपाटातला पासपोर्ट याच मंत्रालयाने 1967 च्या कायद्याखाली दिलेला असतो. पडताळणीला येणारे पोलीस मात्र राज्य सरकारचे. तिथे अर्ज अडकला, तर त्याचं खापर दिल्लीवर फोडून उपयोग नाही.

व्हिसाबद्दल तर गोंधळच गोंधळ. मुलाला अमेरिकेचा व्हिसा नाकारला म्हणून खासदाराचं पत्र घेऊन धावणारे पालक कमी नाहीत. पण व्हिसा द्यायचा की नाही, हा त्या देशाचा प्रश्न. एवढंच काय, परदेशी माणसाला भारतात कोणत्या अटींवर येऊ द्यायचं, हे धोरणही मुख्यतः आपलं गृह मंत्रालय ठरवतं.

‘दूतावासाची जमीन आपल्या देशाची असते’ हा चित्रपटांनी पक्का केलेला समज. जमीन यजमान देशाचीच असते. राजदूताच्या संमतीवाचून तिथले पोलीस आत शिरू शकत नाहीत, असं संरक्षण 1961 च्या व्हिएन्ना कराराने दिलं आहे.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे: परदेशात अटक झाली तर दूतावास सोडवून आणेल. 1963 च्या दुसऱ्या व्हिएन्ना करारातलं कलम 36 दूतावासाला कैद्याला भेटण्याचा, त्याच्याशी पत्रव्यवहार करण्याचा आणि वकील मिळवून देण्याचा हक्क देतं. सुटकेचा नाही. पाकिस्तानच्या कैदेतले भारतीय नागरिक कुलभूषण जाधव यांना भेटण्याची भारताची मागणी पाकिस्तानने वारंवार धुडकावली आणि 2017 मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 17 जुलै 2019 च्या निकालात पाकिस्तानने करार मोडल्याचं 15 विरुद्ध 1 मतांनी ठरलं, शिक्षेचा फेरविचार करण्याचा आदेशही मिळाला. पण जाधव यांना सोडून द्या, ही भारताची मागणी त्याच न्यायालयाने मान्य केली नाही. आपल्याकडे जिंकल्याच्या आनंदात हा भाग बराचसा झाकला गेला.

याच मंत्रालयाचं एक काम मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) अशी नोंद असते. तशा पासपोर्टवर आखाती देशांसह 18 देशांत नोकरीला जायचं, तर मंत्रालयाची मंजुरी लागते. भरती एजंटला परवानाही हेच मंत्रालय देतं आणि त्याचं सेवाशुल्क 30 हजार रुपये अधिक जीएसटी याहून जास्त असता कामा नये. लाख-दीड लाख मागून ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, मग बघू’ म्हणणारा हे सगळं टाळतोय, हे ओळखा. पैसे मोजण्याआधी त्याचा परवाना क्रमांक मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासा आणि नोकरीच्या कराराची एक प्रत घरी ठेवून जा.