मोहाचें फूल आणि मद्य

भिवापूरकडील रानांत चैत्रांत मोहाचीं फुलें गळतात. तीं विषारी नाहींत, वाळवून खातातहि. तींच पाण्यांत आंबविलीं, म्हणजे किण्व त्यांतील साखरेचा मद्यार्क करतें. पाणी शंभर अंशांस, तर मद्यार्क ७८ अंशांस उकळतो. म्हणून आंबवणाची पहिली वाफ निवविली कीं तीव्र दारू मिळते.

‘फुलाची, म्हणून निर्धोक’ हा समज मात्र खोटा आहे. कोणत्याहि दारूंतील मद्यार्काचें यकृतांत प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड हें विष बनतें. नित्य सेवनानें यकृत कठीण होत जातें. भेसळीचें मेथॅनॉल तर डोळे व प्राण हिरावतें. २०१५ सालीं मुंबईंत मालवणी येथें शंभरांहून अधिक माणसें त्यानेंच दगावलीं. तें चवीनें ओळखूं येत नाहीं. प्याल्यावर दृष्टि अंधूक होतांच रुग्णालय गांठावें.