डिशवॉशर बिघडलाय? आधी जाळी बघा

परवा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मशीन काढून टाकतेय, काचेचे ग्लास पांढुरके निघतात." मी मीठ बघितलं, टाकी रिकामी!

बोअरवेल किंवा टँकरचं जड पाणी असेल आणि मीठ संपलं तर हे होणारच. मशीनमधलं रेझिन पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजंतवानं होतं. मीठ डिशवॉशरचंच हवं. घरचं आयोडीनयुक्त बारीक मीठ नको, त्यातल्या गुठळ्या न होऊ देणाऱ्या पावडरीने रेझिन बिघडू शकतं. सेटिंगही पाण्याच्या जडपणाप्रमाणे ठेवा.

भांडी खरकटी निघतात? तळाची जाळी फिरवून बाहेर काढा. आपल्याकडे तिच्यात हमखास मोहरी, कढीपत्ता आणि भाताची शितं सापडतात. वाहत्या पाण्याखाली जुन्या टूथब्रशने घासा. मग पाणी फवारणारे पंखे काढून भोकं टूथपिकने मोकळी करा. पंखा हाताने फिरवून बघा, उंच कढई किंवा झारा आडवा येत असेल तर तो फिरतच नाही.

तळाशी पाणी साचलं तर मशीन बंद करून प्लग काढा. पुन्हा जाळी, मग मागचा ड्रेन पाइप दुमडलाय का ते बघा. तो सिंकखालच्या पाइपला जोडला असेल तर चोंदलेलं सिंकही कारण असतं.

एवढं करून पाणी गरमच होत नसेल किंवा मशीनखाली ओल दिसली, तर मात्र स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा.

तुमचं मशीन काय त्रास देतंय? एरर कोड दिसत असेल तर मॉडेलसकट कमेंटमध्ये लिहा.