जुन्या बाजारातील टिपणयंत्र : नाशिकरोडच्या विद्यार्थ्यासाठी एक चौकशी

नाशिकरोड ही वस्ती पाळ्यांवर वाढलेली आहे. १९२५ मध्ये सुरू झालेले प्रतिभूती मुद्रणालय, १९२८ पासूनचे चलार्थपत्र मुद्रणालय (गावात दोहोंनाही नुसते 'प्रेस' म्हणतात), एकलहऱ्याचे औष्णिक वीजकेंद्र, मध्यवर्ती कारागृह आणि रेल्वे या आस्थापनांनी येथील कुटुंबांचे उठणे-बसणे ठरविले. आणि म्हणूनच ज्याला आपण सरसकट विद्यार्थी म्हणतो तो येथे पुष्कळदा सकाळी बिटको महाविद्यालयाच्या वर्गात व दुपारी कोठेतरी नोकरीत, अथवा दिवसभर नोकरीत व रात्री यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांत, अशी दुहेरी हजेरी लावणारा मनुष्य असतो. हे विद्यापीठ १९८९ मध्ये नाशकातच स्थापन झाले, हे या गावाला शोभण्यासारखेच झाले. अशा मनुष्याला सलग चार तास क्वचितच मिळतात. मिळते ते फलाटावरचे, बसच्या रांगेतले, पाळी बदलण्यापूर्वीचे सुटे सुटे अर्धे तास. टिपणे खिशात मावतील आणि हवी तेव्हा निघतील, अशी त्याची गरज आहे. या गरजेवर जुन्या बाजारातील हातात मावणारे एखादे ऑर्गनायझर कितपत उपयोगी पडेल, याची ही चौकशी आहे.

या यंत्रांची वंशावळ लहानशीच आहे. इंग्लंडातील सायन कंपनीने १९८४ मध्ये आपला पहिला ऑर्गनायझर काढला; आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॅसिओची 'डिजिटल डायरी' परदेशाहून येणाऱ्या नातलगांच्या सामानातून आली आणि दूरध्वनी क्रमांकांपलीकडे तिच्यात फारसे काही न भरताच पुष्कळ घरांत कपाटबंद झाली. ॲपलचे न्यूटन १९९३ मध्ये आले व १९९८ मध्ये बंद पडले. त्याच सुमारास पाम पायलटच्या जेफ हॉकिन्स या अभियंत्याने यंत्र बनविण्याआधी शर्टाच्या खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा बरोबर बाळगून, आपण तो दिवसातून केव्हा व कशासाठी काढतो याचा अभ्यास केला, आणि १९९६ मध्ये २९९ डॉलरांना अवघ्या १२८ किलोबाइट स्मृतीचा पायलट बाजारात आणला. विकत घेणाऱ्याने हॉकिन्सचे हे अनुकरण अवश्य करावे, असे माझे मत आहे. आठवडाभर एक काड्यापेटीवजा खोका खिशात वागविला तर निम्म्या ग्राहकांचा खर्च परस्पर वाचेल.

पुढे सायनने २००१ मध्ये हा धंदा आवरता घेतला, मोबाइलने पामची जागा व्यापली, आणि ही सारी यंत्रे भंगार व संग्रह यांच्या मधल्या अवस्थेत जाऊन पडली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड (दप्तरी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) आणि पुण्याची तपकीर गल्ली या ठिकाणी शोध घेणे नाशिकरोडकराला अवघड नाही, पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईस जाऊन संध्याकाळी त्याच गाडीने परतण्याची येथे पिढीजात वहिवाट आहे.

परंतु यंत्र मिळणे ही सोपी गोष्ट. त्यात मराठी लिहिणे ही खरी अडचण. पामची 'ग्राफिटी' नावाची लेखनपद्धती होती. तिच्यात प्रत्येक रोमन अक्षर लेखणी न उचलता एका फटकाऱ्यात काढावयाचे, आणि लेखणी उचलली की अक्षर संपले असे यंत्राने समजावयाचे, असा करार असे. लेखणी न उचलता लिहिण्याची विद्या मराठी दप्तरखान्याला नवी नव्हे. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरांमागून अक्षरे सोडीत जाणारा मोडीचा कारकून हेच करीत आला होता. फरक असा की मोडीत लेखणी उचलणे हा वेळेचा अपव्यय होता, तर ग्राफिटीत लेखणी उचलणे हीच विरामाची खूण होती. बाळबोध मात्र दोन्ही साच्यांत बसत नाही. 'सिद्धान्त' हा शब्द लिहिताना आधी वेलांटी, मग जोडाक्षर, मग काना, पुन्हा जोडाक्षर, वरून शिरोरेषा, इतकी उचल-ठेव एका शब्दात होते. भारतीय लिप्यांची संगणकीय घडण पुण्याच्या सी-डॅकमध्ये, १९९१ च्या इस्की मानकातून व मोहन तांबे प्रभृतींच्या जिस्ट तंत्रातून, याच काळात सिद्ध होत होती; पण ती मेजावरच्या संगणकांपुरती राहिली. खिशातल्या परदेशी यंत्रांची वर्णमाला रोमनच होती. विद्यार्थ्याने त्यात रोमन लिपीतून मराठी लिहावे म्हटले, तर महिन्याभराने आपल्याच टिपणातला 'kal' हा काल, काळ, कल की कळ, याचा निवाडा त्यालाच करीत बसावे लागते.

एक पळवाट होती, ती तपासून पाहण्यासारखी आहे. २००० मध्ये आलेल्या पाम एम-१०० मध्ये पडद्यावर चित्रासारखे हस्ताक्षर काढून ठेवण्याची सोय होती, आणि हस्ताक्षराला लिपीचे बंधन नाही. पण हिशेब मांडून पाहावा. पडदा १६० बिंदू लांब व तितकाच रुंद, म्हणजे एकूण २५,६०० बिंदू. काळ्या-पांढऱ्या चित्राला त्यासाठी सुमारे ३.२ किलोबाइट लागतात. यंत्राची दोन मेगाबाइट स्मृती सबंध मोकळी धरली तरी सहाशेंच्या आसपास पडदे भरतात. हा आकडा वाईट नाही. वाईट आहे ते असे की एका पडद्यावर देवनागरी हस्ताक्षरात पंधरा-वीस शब्दांपलीकडे मावत नाहीत, आणि चित्रातला शब्द यंत्राला शोधता येत नाही. तासभराच्या व्याख्यानाचे टिपण अशा पंचवीस-तीस चिठ्ठ्यांत फुटते. इंग्रजी टंकलेखनातही सुटका नव्हतीच. जुन्या पाममध्ये एका टिपणाला सुमारे चार हजार अक्षरांची कमाल मर्यादा होती.

आपल्या लिपीसाठी आपले यंत्र, असा प्रयत्न झाला नाही असे नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय या प्राध्यापकांनी आणि एन्कोर या संस्थेने मिळून सिम्प्युटर योजला. २००१ मध्ये त्याचा नमुना दाखविला गेला, आणि २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने 'अमिडा' या नावाने तो दहा हजार रुपयांच्या आत-बाहेर विक्रीस काढला. भारतीय भाषांची दखल घेणारे ते पहिले गंभीर खिसायंत्र होते, आणि हाताच्या हालचालीने पडद्यावरचा मजकूर चाळण्याची त्यातील युक्ती आयफोनच्याही तीन वर्षे आधीची. विक्री मात्र काही हजारांवर थांबली, त्यामुळे जुन्या बाजारात तो सापडला तर संग्राहकानेच घ्यावा. नंतरचा 'आकाश' २०११ मध्ये मोठ्या गाजावाजाने आला. त्यातील अँड्रॉइड २.२ ला देवनागरीची अंगभूत सोय नव्हती; मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. दीपक फाटक यांच्या देखरेखीखाली सुधारलेला आकाश-२ पुढील वर्षी आला, तो कितीतरी बरा होता, पण सात इंचांचे ते यंत्र खिशात मावणारे नव्हते.

आता ज्या मुद्द्यावर या सबंध निवडीचा निकाल लागावा असे मला वाटते तो सांगतो : टिपण यंत्रात जाते कसे याची चौकशी सर्वजण करतात, ते बाहेर निघते कसे याची कोणी करीत नाही. जुने पाम यंत्र संगणकाशी जोडण्याची तार एक तर जुन्या जाड सिरियल पद्धतीची, नाही तर यू. एस. बी. ची; आणि हल्लीच्या चौसष्ट-बिटी विंडोजसाठी कंपनीने त्या यू. एस. बी. जोडणीची आज्ञावली कधी दिलीच नाही. म्हणजे वर्षभराची टिपणे यंत्रात सुखरूप असूनही छापता येणार नाहीत. याच्या उलट सायन सिरीज ५ मध्ये कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसते, ते काढून साध्या कार्डवाचकात घालता येते, आणि त्याचा कळफलक खरोखर दोन्ही हातांनी लिहिण्याजोगा आहे. इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याला जुन्यापैकी एकच यंत्र सुचवावयाचे तर मी हे सुचवीन. मात्र झाकण उघड-मीट करताना पडद्यावर रेघा उमटल्या तर बिजागरीतील फीत गेली असे समजावे. हा त्या यंत्राचा पिढीजात रोग आहे.

विजेचा प्रश्न यानंतरचा. भारनियमनाच्या वर्षांत साध्या सेलवर चालणारी यंत्रे ही मोठी सोय होती, आणि एम-१०० तर दोन बारीक सेलांवर कित्येक आठवडे काढी. पण या पाम यंत्रांची स्मृती सेलांच्याच आधारावर जगते : सेल बदलताना मिनिटाभराहून अधिक रेंगाळले, अथवा सुट्टीत यंत्र विसरून सेल संपले, की सर्व मजकूर पुसला जातो. सत्रान्त परीक्षेच्या तोंडावर असे होणे म्हणजे काय, ते सांगावयास नको. २००५ चे टंगस्टन ई-२ व टी-एक्स यांत हा दोष नाही. त्यांच्या बंदिस्त बॅटऱ्या मात्र आता वयाने थकलेल्या असतात.

हा सर्व जमाखर्च मांडल्यावर माझे मत असे पडते की मराठीतून शिकणाऱ्याने जुने ऑर्गनायझर टिपणवही म्हणून घेऊ नये. वहीची फेरिस्त म्हणून घ्यावे : कोणत्या वहीत, कोणत्या पानावर, कोणता विषय, कोणती तारीख, एवढेच त्यात ठेवावे, हे काम दोन मेगाबाइटांत पाच वर्षे चालेल, आणि यंत्र मेले तरी वह्या राहतील. उत्तरपत्रिका शेवटी पेनानेच लिहावयाची असते आणि परीक्षागृहात यंत्राला मज्जाव असतो, तेव्हा वही सुटणार नाही हे उघड आहे. ज्याला मजकूरच यंत्रात हवा त्याने नाशकातील महात्मा गांधी रस्त्यावर जुना अँड्रॉइड फोन पाहावा, साधारण २०१२ नंतरचा, कार्डाची खाच असलेला. त्यात सिमकार्ड घालू नये, आणि पैसे उरले तर बिनतारी कळफलक जोडावा. देवनागरी सबंध मिळते, शब्द शोधता येतो, मजकूर कार्डावरून बाहेर निघतो. रसिकांना हा सल्ला नीरस वाटेल, पण किफायत त्यातच आहे.

तरीही पामच घ्यावयाचा असेल तर दुकानातच सेलांचा कप्पा उघडावा. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर सेल गळलेला आहे, यंत्र परत करावे. पडद्याच्या चारही कोपऱ्यांत रेघ ओढून ती लेखणीखालीच उमटते की बाजूला सरकते ते पाहावे. सेल काढून लगेच पुन्हा घालावेत आणि आधीची नोंद शिल्लक राहते का ते तपासावे. शेवटी, आत पूर्वीच्या मालकाचे पत्ते व क्रमांक असतील तर ते वाचीत बसू नये : चालू करण्याची कळ दाबून धरून पाठीवरच्या छिद्रात टाचणी टोचावी, पडद्यावर प्रश्न आला की वरच्या बाणाची कळ दाबून होकार द्यावा, आणि यंत्र कोरे होऊन पुन्हा सुरू झाले म्हणजे मगच पैसे मोजावेत.