गारांनी मोटारीला पोचे पडले तर

सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा माझी जुनी मोटार उघड्यावर उभी होती. पुढचे कितीतरी दिवस ज्वारी-गव्हाच्या पंचनाम्यांत गेले. सवड मिळाली तेव्हा टपावर पंचवीस-तीस पोचे मोजले आणि सरळ हातोडी घेतली. आतून चार ठोके दिले, तसा बाहेरचा रंग तडकला. पावसाळ्यात तिथे गंज धरला. मोटारीचा पूर्ण विमा होता, हे मला हातोडी ठेवल्यावर आठवले!

शेतकरी बंधूंनो, म्हणून आधी विम्याचा कागद काढा. पूर्ण विम्यात गारपिटीचे नुकसान धरलेले असते. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात नसते. पूर्ण विमा असेल तर फोटो काढा, कंपनीला कळवा आणि पाहणी होईपर्यंत पत्र्याला हात लावू नका. मात्र दावा केला की बिनदाव्याच्या वर्षांची हप्त्यातली सवलत जाते. ती २० पासून ५० टक्क्यांपर्यंत असते. चार-दोन पोच्यांसाठी ती घालवावी का, याचा हिशेब घरीच मांडावा.

घरी काढायचे तर रंग न तडकलेले, उथळ पोचे तेवढे घ्यावेत. गाडी धुऊन सकाळच्या तिरप्या उन्हात पाहा. भर दुपारी पोचा दिसतच नाही. पत्रा कोमट झाल्यावर काम करावे, कारण गार पत्र्यावरचा रंग लवकर तडकतो. टपाचे आतले कापडी छत बेताने सोडवावे. नव्या गाड्यांत दारांच्या वरच्या कडेला एअरबॅग असतात. अशा गाडीचे छत घरी सोडवूच नये.

गोल टोकाच्या लाकडी दांड्याला फडके गुंडाळा. पोच्याच्या कडेपासून मध्याकडे येत हलके हलके दाबा. ठोकू नका. एकाने आतून दाबावे, दुसऱ्याने बाहेरून बोट ठेवून सांगावे. आमच्याकडे हे काम सौभाग्यवतींनी केले आणि त्यांचे बोट माझ्या डोळ्यांपेक्षा खरे निघाले. जास्त दाबले तर टेंगूळ येते, आणि ते बसवणे पोचा काढण्याहून अवघड. बॉनेटखाली दुहेरी पत्रा असतो, तिथे हात पोचत नाही. ते काम कारागिराकडेच द्यावे.

बर्फ चोळून किंवा गरम हवा मारून पोचे निघतात असे मोबाईलवर दाखवतात. गारांच्या पोच्यांवर त्याचा भरवसा धरू नये. उकळते पाणी प्लास्टिकच्या बंपरला उपयोगी पडते, लोखंडी पत्र्याला नाही.

रंग तडकला असेल तर पोचा राहू द्या, पण गंज थांबवा. बारीक पॉलिश पेपरने घासून, कोरडे पुसून प्रायमर लावा आणि वर रंगाचा हात द्या.

आता आभाळ भरून आले की मी दोन जुन्या गोधड्या टपावर टाकून दोरीने आवळतो. गोधड्यांवरून घरात बोलणी बसतात, ती वेगळी.