उपग्रहाचा संकेत काचेच्या तंतूंतून

शेताची मोजणी हल्लीं पुष्कळ ठिकाणीं साखळीऐवजीं रोव्हर नांवाच्या यंत्रानें होते, हें आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं बांधावर उभें राहून पाहिलें असेल. काठीच्या टोंकावरील अँटेना उपग्रहांचे संकेत घेतो, आणि जागा कांहीं सेंटिमीटरांपर्यंत निश्चित होते. परंतु यंत्र नेमकी कोणाची जागा सांगतें, याविषयीं गैरसमज होण्याचा संभव आहे. तो बांधाच्या तंट्यास कारण होऊं नये, म्हणून हा विषय घेतला आहे.

जीपीएसचे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. आपल्या देशाच्या नाविक व्यवस्थेचे उपग्रह, ज्यांतील पहिला इ. स. २०१३ मध्यें सोडला गेला, सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. इतक्या दुरून येणारा संकेत फार क्षीण असतो. एका वॉटच्या कोट्यांशाचा पुन्हा कोट्यांश करावा व त्याचा शंभरावा भाग घ्यावा, इतकीच त्याची शक्ति. उघड्या रानांत तो मिळतो. जाड भिंती व छत आड आलें कीं नाहींसा होतो.

आमच्या वाचकांचे आप्त परळ-लालबागेंत असतात, त्यामुळें हिंदमाता कित्येकांच्या परिचयाचें आहे. सखल जागा, वर उड्डाणपूल, आसपास गिरण्यांच्या जागीं उठलेले उंच मनोरे. समजा, तेथील एका इमारतीच्या तळघरांत टेलिफोनचें यंत्र आहे व त्यास उपग्रहाकडून अचूक वेळ हवी आहे. अँटेना गच्चीवर बसवून संकेत खालीं आणावयाचा, तर तांब्याच्या जाड केबलमध्येंही शंभर मीटरांत त्याचा सुमारें पन्नासावा भागच उरतो.

येथें ऑप्टिकल फायबर, म्हणजे केंसासारखा बारीक काचेचा तंतु, उपयोगी पडतो. गच्चीवर संकेत प्रथम वाढवितात. मग त्याच्या चढउताराप्रमाणें लेझरचा प्रकाश कमीजास्त करून तो तंतूंत सोडतात. खालच्या टोंकास फोटोडायोड नांवाचा भाग त्या प्रकाशापासून मूळचा संकेत पुन्हा तयार करतो. या रूपांतरांत कांहीं नुकसान होतें, पण तंतूंत एक किलोमीटर गेल्यावरही नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश शिल्लक राहतो. शिवाय काच वीज वाहून नेत नाहीं. यास्तव गच्चीवर वीज पडल्यास ती तंतूच्या वाटेनें तळघरांतील यंत्रापर्यंत येत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. तळघरांतील यंत्र जी जागा दाखवील ती तळघराची नव्हे, गच्चीवरील अँटेनाची! चार गांवांहून आलेल्या बैलगाड्या बाजाराच्या वेशीवर सारखाच वेळ अडविल्या, तरी कोणती गाडी कितीनें आधीं आली हा फरक बदलत नाहीं. तसेंच सर्व उपग्रहांचे संकेत तंतूंत सारखेच रेंगाळतात, आणि जागेचा हिशेब या फरकांवरूनच होतो. घड्याळ मात्र मागें पडतें. काचेंत प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर जातो. म्हणून एका किलोमीटरास सेकंदाचा सुमारें पांच दशलक्षांश विलंब होतो. जेथें अचूक वेळ हवी, तेथें हा विलंब मोजून भरून काढावाच लागतो.

हाच नियम शेतासही लागू आहे. रोव्हरला दुरुस्ती पुरविणाऱ्या कॉर्स नांवाच्या स्थिर केंद्रांचें स्थान म्हणजे त्यांच्या अँटेनाचेंच स्थान होय. केबल कितीही उत्तम असली, तरी अँटेनास जें आकाश दिसत नाहीं तें ती दाखवूं शकत नाहीं. दाट आंब्याखालीं किंवा उंच भिंतीलगत घेतलेला बिंदु म्हणून संशयास्पद समजावा.

तेव्हां मोजणीच्या दिवशीं शेतकऱ्यानें तीन गोष्टी स्वतः पाहाव्या : काठी खुणेच्या दगडावरच टेकली आहे काय, ती सरळ उभी आहे काय, आणि वर आकाश मोकळें आहे काय. शंका आल्यास बिंदु पुन्हा घेण्यास तेथेंच विनंति करावी. कागदावर सही झाल्यावर तक्रार करण्यापेक्षां बांधावर विचारलेला एक प्रश्न अधिक स्वस्त पडतो.