घरात एकच मोबाइल आणि मुलांचं इंग्रजी

आजच्या भागाचं हे लेखी रूप.

महाराष्ट्रात मराठी माध्यमातही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. तरी आठवीतलं मूल धडा वाचतं, शब्दार्थ घडाघडा म्हणतं, आणि समोरच्यानं दोन वाक्यं इंग्रजीत बोलली की गप्प होतं. असं का? त्याच्या डोळ्यांना इंग्रजीची ओळख असते, कानाला आणि जिभेला नसते. घरी कुणी बोलत नाही. चाळीस मुलांच्या तासात एकेकाच्या वाट्याला मिनिटभरच येतं. ही उणीव मोबाइल थोडीफार भरून काढू शकतो.

पहिलं, ऐकणं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड 'दीक्षा' अ‍ॅपमधून स्कॅन करा. धड्याचा ऑडिओ किंवा व्हिडिओ मिळाला, तर आधी पुस्तक मिटून ऐकायचं, मग ओळीवर बोट ठेवून.

दुसरं, मोठ्यानं वाचणं. गूगलचं 'रीड अलाँग' २०१९ मध्ये 'बोलो' या नावानं भारतात आलं. मूल वाचतं ते हे अ‍ॅप ऐकतं, अडलेला शब्द म्हणून दाखवतं. गोष्टी एकदा डाउनलोड केल्या की नेट लागत नाही. बाबा कामावरून आले की त्यांच्या फोनवर पंधरा मिनिटं, बस्स! चुकलं तरी कुणी हसत नाही. लाजणाऱ्या मुलाला हाच मोठा आधार.

तिसरं, व्हॉइस टायपिंग. भाषा इंग्रजी ठेवून 'शिप' म्हणा, मग 'शीप'. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घानं सहसा अर्थ बदलत नाही, इथे मात्र जहाजाची मेंढी होते! फोननं काय लिहिलं ते मुलाला लगेच दिसतं. अर्थात फोनही चुकतो. त्यामुळे हा खेळ समजा, परीक्षा नको.

आणि भाषांतर? ते सगळ्यात शेवटी. आयतं वाक्य उतरवून काही शिकणं होत नाही. 'मी उद्या गावाला जाणार आहे' हे मुलानं आधी स्वतः इंग्रजीत लिहावं, मग फोनचं वाक्य शेजारी ठेवावं. मराठीत शेवटी येणारं क्रियापद तिकडे कर्त्यामागोमाग आलेलं त्याचं त्यालाच सापडेल.

एक गोष्ट मात्र माणसानंच करायची. "आज काय वाचलंस? मला मराठीत सांग बरं." इंग्रजी न येणारी आईसुद्धा हे विचारू शकते. सांगता आलं, तर मुलाला समजलंय. नाही आलं, तर तीच गोष्ट उद्या पुन्हा वाचायची.

भेटूया पुढच्या भागात!