'भाजणे', 'उकडणे' आणि घरातील वातानुकूलन

उन्हाने अंग 'भाजते' आणि कोंदट हवेत 'उकडते'. स्वयंपाकघरातून आलेल्या या दोन क्रियापदांत कोरडी व दमट उष्णता हा भेद सामावलेला आहे. व्यवहारात तो काटेकोरपणे पाळला जात नाही, हे खरे. परंतु घरासाठी कोणते यंत्र घ्यावे, हा प्रश्न त्याच भेदाशी येऊन ठेपतो.

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. तेथे चैत्र-वैशाखात हवा तापलेली आणि कोरडी असते. अशा हवेत पाण्याची वाफ झपाट्याने होते व त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच शोषली जाते. वाळ्याच्या ओल्या पडद्याचे तत्त्व हेच, आणि कूलरचेही. पंखा व लहानसा पंप एवढ्यावर तो चालत असल्याने वीज अल्प लागते; मात्र खिडकी उघडी हवी आणि पाणी हवे. ऐन उन्हाळ्यात ही अडचण लहान नव्हे.

मृगाचा पाऊस पडला की कूलर निरुपयोगी ठरतो. मनुष्यदेहही घामाच्या बाष्पीभवनानेच निवतो. दमट हवेत घाम सुकत नाही, आणि कूलर त्या ओलाव्यात भरच घालतो. वातानुकूलन यंत्र, मग ते खिडकीत बसणारे असो वा दुभागी 'स्प्लिट', बंद खोलीतील हवा थंड नळ्यांवरून फिरवते. उष्णता बाहेर टाकली जाते आणि बाष्पाचे पाणी होऊन ठिबकते. विलिस कॅरिअर यांनी १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखलेली योजनाही दमटपणाने कागद बिघडू नये म्हणूनच होती. 'वातानुकूलन' या संज्ञेत गारव्याचा उल्लेख नाही, हे यथार्थच होय. बोलीतील 'एसी'ला मात्र तोच अर्थ चिकटला आहे.